मोहोर आणि मन

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रातील पहिला संच १९७० साली सुरू झाला. तेव्हापासून कोळशाने भरलेल्या मालगाड्यांचा आवाज या परिसराच्या कानांना सवयीचा झाला आहे. कोळशाचे वजन तो निघतो तेथे होते आणि पोहोचल्यावरही होते. या दोन आकड्यांत फरक पडला, की वाटेत काहीतरी घडले एवढे कळते. परंतु कोळसा कोणी उतरवला, की उन्हाने त्यातील ओल उडाली, हे आकडा सांगत नाही.

आता यंत्रे अधिक चतुर झाली आहेत. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावा शेव्याकडे जातात, तेव्हा आत ठेवलेले छोटे उपकरण सबंध प्रवासातील तापमान टिपून ठेवते. निर्यातदाराने स्वतः बंद केलेल्या कंटेनरसाठी २०१७ पासून रेडिओलहरींवर वाचली जाणारी इलेक्ट्रॉनिक मोहोर आली आहे. मध्येच कोणी ती तोडली, तर बंदरावर ते उघड होते. तेलाच्या टँकरची वाट उपग्रहाच्या साह्याने न्याहाळली जाते, आणि ठरलेल्या ठिकाणीच उघडणारी कुलुपेही त्याला बसवली जातात.

येथे आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. चोरी करणे अशक्यच झाले, तर माणूस प्रामाणिक झाला असे म्हणावे काय?

प्रश्न जुनाच आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. कोणी पाहत नाही हे कळताच तो राजाचा घात करून राज्य बळकावतो. आजची यंत्रे म्हणजे या अंगठीचे उलटे रूप होय. तिने माणसाला लपवले. ही त्याला क्षणभरही लपू देत नाहीत. परंतु दोन्हींमध्ये मनाची परीक्षा व्हायची राहूनच जाते.

म्हणून यंत्रे नकोत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याविषयी विचार करताना मोठी व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. वाईटाकडे झुकलेल्या माणसाला आधी धाकाने आवरावे लागते. त्यामुळे इतरांना शांती लाभते, आणि धाकाने लागलेली सवय पुढे त्याच्या स्वतःच्या इच्छेची होऊ शकते. शिवाय कुलूप केवळ चोराला अडवत नाही, ते निरपराध्याची साक्षही देते. आमच्या परिचयाचे एक टँकरचालक आम्हांला म्हणाले, “फादर, पूर्वी माल कमी भरला की सगळे माझ्याकडे बघायचे. आता कुलूपच माझ्या बाजूने बोलतं. पण डोळा लागला म्हणून वीस मिनिटं गाडी उभी केली, तरी मलाच जाब विचारतात. वरच्यांना कुणी यंत्र लावलंय का?”

त्यांच्या या प्रश्नाने आम्हांला मनमाडजवळच्या पानेवाडीची आठवण झाली. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेथे टँकरमधून चालणारी तेलाची चोरी पाहिली. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळले. गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त दराने दिलेले रॉकेल वाटेतच दुसरीकडे वळवण्याचा हा धंदा होता. अशी भेसळ ओळखता यावी म्हणून २००६ साली रॉकेलमध्ये खूणद्रव्य मिसळण्याची पद्धत देशात सुरू झाली होती. ती फार काळ चालली नाही.

सोनवणे यांना चोरी दाखवायला कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही. ती त्यांना रस्त्यावरून जाताना दिसली. ते थांबले, हीच त्यांची थोरवी. गाडी पुढे नेणे सोपे होते, आणि तसे केले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. यंत्र इशारा देते, परंतु त्या इशाऱ्यासरशी उठून उभे राहणारा माणूस ते निर्माण करू शकत नाही. इशारा वाचणाराच वाटेकरी असेल, तर सर्वांत महाग मोहोरही निरुपयोगी ठरते. म्हणजे यंत्राने सद्सद्विवेकाचे ओझे कमी केलेले नाही. ते चालकाच्या खांद्यावरून उचलून, खुर्चीत बसून पडदा पाहणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले आहे. त्या चालकबंधूंना आमचे उत्तर एवढेच आहे.

आम्हां धर्मगुरूंच्या हाती एक मोहोर सोपवलेली आहे: पापनिवेदनाची. ती तुटली की नाही हे सांगणारे यंत्र नाही. तरीही माणसे येतात, गुडघे टेकतात आणि मन उघडे करतात. त्यांचा विश्वास आम्हांला दर वेळी नम्र करतो, आणि थोडी भीतीही घालतो. प्रत्येक घरात अशा काही मोहोरा असतात: शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, भावाने ठेवायला दिलेले पैसे, आजारी आईच्या औषधांचा हिशेब. मालाच्या पेटीला कुलूप जरूर लावावे. परंतु मुलांच्या हाती कधीतरी उघडी पेटीही द्यावी. विश्वास टाकल्याखेरीज विश्वासू माणूस घडत नाही.