न पडलेल्या यंत्राचा दोष

हुपरीत चांदीचे काम आजही घराघरांत चालते. खाली पैंजणांचा कारखाना आणि वर बिऱ्हाड, ही इथली जुनी रीत. अशा घरावर मजले चढले आणि वरच्या खोल्यांना मोठ्या काचा बसल्या, की त्या बाहेरून पुसायच्या कशा हा प्रश्न येतो. त्यासाठी आता काच पुसणारा रोबो मिळतो. दीड-दोन किलोच्या या यंत्राच्या पोटातला पंखा आतली हवा ओढून घेतो, बाहेरच्या हवेचा दाब त्याला काचेवर चिकटवून धरतो आणि ते ओले फडके घेऊन सरकत राहते. वापरणाऱ्याने करायचे ते थोडकेच: सोबतची सुरक्षादोरी घराच्या आत एखाद्या पक्क्या जागी बांधायची, तडा गेलेल्या काचेवर यंत्र लावायचे नाही, फडके निथळते ठेवायचे नाही, आणि काम चालू असताना खाली कुणाला उभे राहू द्यायचे नाही. यात धर्माचा प्रश्न कुठे आला, असे कुणी विचारील. माझ्या मते तो त्या दोरीच्या गाठीत आहे. दोरी बांधली नाही आणि यंत्र पडलेही नाही, तर दोष घडला की नाही?

या प्रश्नाचे उत्तर हुपरीच्या परिसरातच शोधणे अप्रस्तुत नाही. हुपरीच्या शेजारचे यळगूड हे आचार्य शांतिसागर महाराजांचे जन्मगाव. १८७२ साली ते इथे आजोळी जन्मले आणि १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन त्यांनी देह ठेवला. दिगंबर जैन मुनिपरंपरेला विसाव्या शतकात त्यांनी नवी उभारी दिली. या परंपरेत मुनीच्या हाती मोरपिसांची पिच्छी असते. बसण्याआधी, कमंडलू ठेवण्याआधी, पोथी उचलण्याआधी जागा नीट पाहायची आणि पिच्छीने अलगद झाडायची. वस्तू उचलण्या-ठेवण्यातल्या या सावधपणाला आदाननिक्षेपण समिती म्हणतात. पाच समितींपैकी ही एक. पिच्छी कितीही मऊ असली तरी न पाहता फिरवली, तर तिने काही साधत नाही, कारण व्रत पाहण्याचे आहे. रोबोलाही कडा ओळखणारे संवेदक असतात, पण खिडकीच्या कोपऱ्यात कोळ्याचे जाळे आहे की नाही आणि खाली अंगणात पोर खेळते आहे की नाही, हे त्याला कळायचे नाही. ते पाहणे बटण दाबणाऱ्याकडेच उरते.

जैनांच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे. तिथे केवळ जीव जाण्याला हिंसा म्हटलेले नाही. प्रमादाच्या, म्हणजे बेसावधपणाच्या, भरात जीवाला इजा होणे ही हिंसा मानली आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात याच्याही पुढे जातात. ज्याचे आचरण बेफिकीर आहे त्याच्या हातून समोरचा जीव वाचला तरी त्याची हिंसा ठरलेली आहे. आणि जो सावध आहे त्याला, घडू नये ते घडले तरी, तेवढ्याने कर्मबंध लागत नाही. म्हणजे दोरी न बांधता यंत्र सुरू केले त्या क्षणीच दोष घडला. ते संध्याकाळी सुखरूप खाली उतरले, हा नशिबाचा भाग. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच पेच बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली मांडला: दोघांचा निष्काळजीपणा अगदी सारखा, पण एकाच्या हातून माणूस दगावला, तर दोघांना आपण वेगळे का तोलतो? त्या चर्चेत अजून एकमत नाही. कुंदकुंदांचा तराजू मात्र दोघांना सारखेच तोलतो, आणि मला तो अधिक न्याय्य वाटतो.

गणितही याच बाजूने बोलते. बारा मीटरवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून, सुटलेली वस्तू हवेचा अडथळा सोडला तर दीड सेकंदाच्या थोडे वर जमिनीला लागते, आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर असतो. तेवढ्या वेळात ‘बाजूला हो’ हे शब्दही पुरते निघत नाहीत. घसरण्याची कारणेही रोजचीच: पावसाळ्यात काचेवर धरलेला पाण्याचा थर, फडक्यात जास्त झालेले पाणी, अर्धवट खोचलेली वायर. वीज गेली तर आतली बॅटरी यंत्राला काही मिनिटे, बहुधा वीसेक, धरून ठेवते आणि यंत्र आवाज करून सांगते. घरात ऐकायला कोणी असेल तर त्या आवाजाचा उपयोग. सगळी सावधगिरी पडण्याच्या आधीच घ्यावी लागते, नंतरसाठी काही उरत नाही.

यावर जैन शास्त्रातूनच एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गृहस्थाला मुनीचे नियम लागू नाहीत. त्याने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, सोडायची. स्वयंपाक, झाडलोट यांतली आरंभी हिंसा त्याला टळत नाही. काच पुसणे त्यातलेच. हे खरे आहे. पण गृहस्थाच्याच व्रतांत अनर्थदंडाचा, म्हणजे निष्कारण होणाऱ्या हिंसेचा, त्याग आहे, आणि समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे जे पाच प्रकार सांगितले त्यांत प्रमादचर्या आहे. गरजेपोटी होणारी इजा आणि आळसापोटी होणारी इजा एका मापात बसत नाहीत. काच पुसणे ही गरज मानता येईल. गाठ न मारण्याची गरज कुणालाच नसते. चांदीचा कण वाया जाऊ नये म्हणून कारखान्यातला केरही जपून ठेवणाऱ्या गावाला काळजी घेणे शिकवावे लागत नाही. ती खिडकीबाहेरही घ्यायची, एवढेच.

दुसरे म्हणणे असे, की यंत्र कंपनीचे, काम यंत्राचे, आणि पडले तर दैव. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. रोबो हे करण. दैव आहे, पण पाचवे, आणि आधीची चार आपली जागा सोडत नाहीत. यंत्र सदोष निघाले तर बनवणाऱ्याचाही वाटा आहेच. त्याने वापरणाऱ्याचा वाटा पुसला जात नाही. कायदाही फार वेगळे सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी आहे, तर कलम १२५ नुसता जीव धोक्यात घालण्यालाही गुन्हा मानते. व्यवहारात तक्रार काही पडल्यावरच होते, ही गोष्ट वेगळी.

मग यंत्र नकोच, घरकामाच्या बाईंनाच सज्ज्यावर उभे करू, असे कुणी म्हणेल तर ते आणखी वाईट. जैन विचारात स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि ज्याला संमती दिली ते, तिन्ही आपल्या खात्यावर येतात. कृत, कारित, अनुमोदित. पगाराच्या गरजेने सज्ज्यावर चढलेल्या बाईंचा धोका हा करवणाऱ्याचाच. त्यामानाने रोबो बरा, मात्र तो धोका नाहीसा करत नाही, वरच्या माणसाकडून खालच्याकडे नेतो, आणि खालच्याला कुणी विचारलेले नसते. म्हणून खिडकी थेट रस्त्यावर उघडत असेल आणि रस्ता थोडा वेळही मोकळा ठेवता येत नसेल, तर बाहेरची बाजू मळकी राहू द्यावी असे मला वाटते. आणि समोरच्या गच्चीवरून दोरीविना फिरणारे यंत्र पाहूनही ‘काच काय लखलखते!’ एवढेच म्हणणारा शेजारी अनुमोदितातून सुटत नाही.