तारीख ठरवून आलेलं मूल

सातव्या महिन्यात एका पहाटे रक्त दिसलं आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. सोनोग्राफीत कळलं, वार गर्भाशयाच्या तोंडावरच आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं : मुलाच्या वाटेत वार आडवी आली आहे, कळा सुरू झाल्या तर आधी ती सुटेल आणि रक्त आवरणार नाही. म्हणून कळांची वाट पाहायची नाही. सदतिसाव्या आठवड्यात दिवस ठरवून सिझेरियन करायचं. सेनगावात थांबायचं नाही; रक्ताची सोय आहे तिथं, हिंगोलीला, आधीच जाऊन राहायचं.

हे लिहिणारे आम्ही दोघं नवरा-बायको. टाके एकीच्याच पोटावर आहेत; पण प्रश्न दोघांनाही पडले, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

पहिला प्रश्न दादीनं केला. तिची सात बाळंतपणं घरातच झाली. त्यातली चार मुलं जगली. ती एवढंच म्हणाली, “अल्ला का काम अल्ला कू करने देव.” जन्म आणि मौत त्याच्या हाती, मग त्याची तारीख डॉक्टर कशी देणार? त्यात दिलेली तारीख नेमकी सफर महिन्याच्या तेरा तेजीत येत होती. खाला म्हणाली, निदान चार दिवस पुढं ढकला. शेजारच्या काकूंनीही आपुलकीनं पंचांग पाहून दुसरा दिवस सुचवला. खालाला तेरा तेजीचं भय, काकूंना मुहूर्ताची ओढ. दोघींची माया खरी होती. पण वार कुठल्याच कॅलेंडरला विचारून सुटणार नव्हती. सफर महिन्यात अपशकुन नाही, असं पैगंबरांनी (स.) सांगितल्याचं हदीसमध्ये येतं. आम्ही डॉक्टरांचीच तारीख ठेवली.

तरी दादीचा प्रश्न सुटला नव्हता. आम्ही रात्र रात्र त्यावर बोललो. तारीख ठरवणं म्हणजे तवक्कुल सोडणं का? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध, मग भरोसा ठेव, असं सांगितलं. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. धंद्यात, शेतात तसं वागतोही. सोयाबीन पेरताना बियाणं तपासतो, पाऊस त्याच्यावर सोपवतो. बाईच्या बाळंतपणाची वेळ आली की मात्र उंट मोकळा सोडतो आणि त्याला ईमान म्हणतो.

उद्या काय होईल हे कुणालाच ठाऊक नाही, असं सूरह लुकमानमध्ये सांगितलं आहे. तारीख हाती आल्यावर ते आम्हांला जास्तच पटलं. दिवस ठाऊक होता, वेळ ठाऊक होती. मूल रडेल का, आई उठून बसेल का, हे ठाऊक नव्हतं. तारखेनं आमची भीती संपली नाही. फक्त त्या भीतीला एक वाट मिळाली : रक्तदाते शोधायचे, गाडी सांगून ठेवायची, पैसे जमवायचे. उरलेलं दुआत मागायचं.

दुसरा प्रश्न बायकांच्या बैठकीतून आला. “कळा कुठं सोसल्या? पोट फाडून काढलं!” जणू वेदनेच्या मापानं आईपण मोजायचं. सूरह मरयममध्ये बीबी मरयमच्या प्रसूतिवेदना येतात. तिथं वेदनेचा गौरव नाही. त्या वेदनेत ती, याआधीच मेले असते तर बरं, असं म्हणते. तिला उत्तर म्हणून मिळतो तो दिलासा : पायाशी पाणी आणि खजुरीची फळं. आणि एक सूचना – झाडाचं खोड तूच हलव. फळ देणारा तो, पण हात तिचा. आम्हांला तवक्कुलचा अर्थ या खोडापाशी सापडला.

हजार वर्षांपूर्वी, 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘शाहनामा’त फिरदौसीनं रुस्तमचा जन्म असाच सांगितला आहे. सीमुर्गच्या सल्ल्यानं रुदाबाला मद्य पाजून गुंगी देतात, कूस चिरून मूल काढतात, जखम शिवतात आणि ती जगते. कथाच ती. पण रुस्तमला कुणी कमी पहिलवान म्हटलं नाही, रुदाबाला कमी आई म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. बाळंतपणात गेलेल्या बाईला आपण शहीद मानतो. हा मोठा मान आहे आणि मागं राहिलेल्यांना त्याचा आधार असतो. पण हा मान आपल्या हलगर्जीपणावरचं पांघरूण होऊ नये. 1631 साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. मूल वाचलं. बादशाहाकडं हकीम होते, खजिना होता, तरी तिला वाचवता आलं नाही. पुढं ताजमहाल मात्र उभा राहिला. आज सेनगावच्या मजुराच्या बायकोला वाचवता येतं. मग तिच्या मागं आपण शहादतीच्या गोष्टी सांगत बसलो, तर जाब कुणी द्यायचा?

याचा अर्थ सगळी बाळंतपणं चाकूनं व्हावीत असा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण 25.4 टक्के. प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेल्यानं आया-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये म्हटलं. म्हणजे कुठं गरज नसताना पोट चिरलं जातं, तर कुठं गरज असलेली बाई रस्त्यातच राहते. चाकू तोच, प्रश्न आहे तो कुणासाठी उचलला याचा. म्हणून ‘का?’ असं डॉक्टरांना विचारावं. ते बेअदबी नव्हे. आमच्या डॉक्टरांनी चित्र काढून उत्तर दिलं, म्हणून आमचा जीव थाऱ्यावर राहिला. सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसुद्धा मोफत आहे, हेही आपल्या मोहल्ल्यांत सांगायला हवं.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीचा कागद आला. सवयीनं तो आमच्यातल्या पुरुषाच्या हाती दिला गेला आणि सवयीनंच त्यानं पेन काढलं. खाटेवरून आवाज आला, “पोट माझं आहे. आधी मला वाचू द्या.” तिनं वाचलं, दोन गोष्टी विचारल्या, सही केली. इतके दिवस तवक्कुलवर आम्ही इतकं बोललो होतो; पण तो कागद तिला आधी द्यावा, हे आमच्यातल्या एकाला सुचलं नव्हतं. त्याची शरम इथं लिहून ठेवतो.

रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. मुलगी रडली. कमरेखाली बधिर असलेल्या आईनं पहिला प्रश्न विचारला, “अजान दिली का?”

आठवड्यानं दादी हिंगोलीला आली. पणतीला मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग सुनेच्या टाक्यांवरून, पदरावरूनच, हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “मेरे तीनों कू बी कोई तारीख देता तो...”

तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधत होतो. तिचा खरा प्रश्न हा होता.