तृणमणी आणि अयस्कान्त

दप्तरी लखोट्यांवर मोहर उठविण्यासाठी जी लाखेची कांडी वापरतात, ती हिवाळ्यातील एखाद्या कोरड्या सकाळी लोकरी शालीवर दहावीस वेळा घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेली, की कपटे उडी घेऊन तिला बिलगतात, आणि त्यांतले काही क्षणभर टेकून लगेच दूर फेकले जातात. शेजारी लोहचुंबक ठेवावा, तर तो या कपट्यांची दखलही घेत नाही. मात्र टाचण्या जवळ येताच त्यांना ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला कोणी घासावे लागत नाही. हे दोन्ही खेळ प्रथमच पाहणारे मूल म्हणते, "दोघेही ओढतात, म्हणजे दोघांत एकच शक्ती असणार." त्याचे चुकते असे म्हणवत नाही, कारण या उत्तराचा खरेखोटेपणा ठरविण्यास मानवजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि अखेर जो निवाडा झाला तो त्या मुलाच्याच बाजूने झाला, परंतु त्याला ठाऊक नसलेल्या कारणांसाठी.

प्राचीनांनी ही दोन्ही आश्चर्ये पाहिली होती. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस हा लोखंड हलविणाऱ्या दगडाला आत्मा असल्याचे मानीत असे. कणादाच्या वैशेषिकसूत्रांत मण्याकडे सरकणाऱ्या सुईचे कारण 'अदृष्ट' असे नोंदलेले आहे. कालिदासाने कुमारसंभवात शिवाचे चित्त ओढून घेण्यासाठी अयस्कान्ताचीच उपमा योजिली. आपल्या परंपरेने या पदार्थांना दिलेली नावेही किती नेमकी आहेत : गवताची काडी ओढतो तो तृणमणी, आणि लोहाला प्रिय तो अयस्कान्त. भेद नावातच रुजू झालेला होता. परंतु नाव देऊन झाल्यावर हा भेद कशामुळे, असे विचारण्याची निकड शतकानुशतके कोणास भासली नाही.

ती इटलीतील वैद्य जेरोलामो कार्दानो यास १५५० च्या सुमारास भासली, आणि १६०० साली लंडनचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने चुंबकावरील आपल्या लॅटिन ग्रंथात दोन्ही मुलुखांची हद्द कायम केली. टोकावर तोललेली, चुंबकत्व नसलेली हलकी धातूची सुई एवढेच त्याचे साधन. तिच्यासमोर एकेक पदार्थ घासून धरीत त्याने दाखविले, की ओढण्याचा हा गुण तृणमण्याचे एकट्याचे वतन नव्हे. काच, गंधक, राळ, लाख, हिरा, नीलमणी यांच्याही अंगी तो आहे. दमट हवेत तो मंदावतो आणि मध्ये कागदाचा पडदा धरला तर अडतो. चुंबकाला मात्र असल्या पडद्याची पर्वा नसते. होकायंत्राच्या सुईवर हा भेद आजही स्पष्ट दिसतो. घासलेली लाख सुईच्या दोन्ही टोकांना सारखीच ओढते, चुंबकाचे एकच तोंड मात्र एका टोकाला ओढते आणि दुसऱ्याला दूर लोटते.

पुढे ही हद्द अधिकच खोल गेली. पॅरिसच्या द्यु फे याने १७३३ साली विद्युतेचे दोन प्रकार असल्याचे सांगितले, एक घासलेल्या काचेचा आणि दुसरा राळेचा; सजातीय दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. टेकून दूर उडालेल्या कपट्याचे रहस्य हेच, की स्पर्शाबरोबर लाखेचा भार त्याच्याही वाट्याला आलेला असतो. चुंबकालाही दोन ध्रुव असतात, तेव्हा साम्य पुरे झाले असे वाटावे, तोच तपशील आडवा येतो : धन किंवा ऋण भार एखाद्या वस्तूवर एकटा ठेवता येतो, ध्रुव मात्र एकटा कधीच हाती लागत नाही. लुचेराच्या वेढ्यात असताना पीटर पेरेग्रिनस याने १२६९ साली लिहिलेल्या पत्रात हे नमूद आहे, की चुंबक मध्यावर तोडला तर उत्तर आणि दक्षिण वेगळे होत नाहीत, तर दोन पूर्ण चुंबक तयार होतात. १७८५ साली कूलोंबने पिळाच्या तराजूवर दोन्ही बले मोजली, तेव्हा अंतर दुप्पट होताच दोन्ही चौथाईवर येतात असे आढळले. तरीही तो त्यांना भिन्नच मानीत राहिला, आणि त्याच्यासमोरील पुराव्यावरून त्याचे ते मत रास्तच होते.

कारण तोवर सर्वांनी स्थिर भारच तपासला होता. १८०० साली व्होल्टाच्या विद्युत्घटाने सतत वाहणारी वीज हाती दिली, आणि १८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडला दिसले, की तारेतून प्रवाह सोडताच जवळची चुंबकसुई वळते. तीही तारेकडे धाव न घेता तारेला आडवी होऊ पाहते. त्याच वर्षी आंपेअरने दाखविले, की एकाच दिशेने वाहणारे दोन समांतर प्रवाह एकमेकांस ओढतात. त्यावरून चुंबक म्हणजे सूक्ष्म प्रवाहांचा समूह असावा, असे त्याने मांडले. १८३१ साली फॅरडेने उलट बाजूचा दाखला दिला : तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नुसता ठेवल्याने काहीच घडत नाही, तो हलविला की वीज वाहते. तरी तारेतील प्रवाह आणि लाखेवरचा भार एकच, याचा थेट पुरावा हवा होता. तो १८७६ साली बर्लिन येथे हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत रोलंडने दिला. सोन्याचा मुलामा दिलेली एबोनाइटची तबकडी भारित करून त्याने ती सेकंदाला साठेक फेऱ्यांच्या वेगाने फिरविली, आणि नाजूक चुंबकसुई किंचित ढळली. भार स्थिर असता जी सुई चुंबकीय खूण देत नव्हती, ती भार धावू लागताच देऊ लागली.

अशा रीतीने पदार्थांचा मानलेला भेद वस्तुतः स्थिती आणि गती यांचा ठरला, आणि स्थिती-गती ही पाहणाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे एकाला जे केवळ विद्युत् दिसते त्यात दुसऱ्याला चुंबकत्वही दिसते, इथवर १९०५ साली आइन्स्टाइनने विचार नेला. लोखंडाच्या चुंबकत्वाचा मोठा वाटा मात्र इलेक्ट्रॉनच्या 'फिरकी' नामक अंगभूत गुणाचा आहे, आणि तो कोणत्याही लहानशा गोळ्याच्या फिरण्याने समजावता येत नाही, एवढी पुस्ती जोडणे आवश्यक आहे.

मुंबईच्या इतिहासात या ऐक्याची एक व्यावहारिक खूण आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरताच त्यांच्या प्रवाहांनी सुया बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम समुद्रापलीकडे अलिबागेस हलविण्यात आले. तेथील इमारत चुंबकत्वरहित दगडाची बांधली, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुना हिशेब नव्याशी जुळवून घेतला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशी 'दोन्ही एकच' असे सांगू नये, असे मला मनापासून वाटते. त्याला लाख आणि चुंबक हाती द्यावेत, गिल्बर्टचा कागदाचा पडदा त्याने स्वतः धरून पाहावा, चुंबक स्वतः तोडून पाहावा, आणि दोघांची हद्द त्याने स्वतः आखावी; कारण गिल्बर्टने ती इतकी स्वच्छ आखली नसती, तर तारेजवळची सुई वळताना पाहून ओर्स्टेडला आपण कोणती हद्द ओलांडली हे कळलेच नसते.