अंध-पंगु-न्याय आणि वाटाड्या यंत्र

सांख्यशास्त्रांत पुरुष आणि प्रकृति यांच्या संयोगाला आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टान्त दिलेला आहे. ईश्वरकृष्णाच्या कारिकेंत तो एका सामासिक शब्दांत उरकला आहे; गौडपादाच्या भाष्यांत त्याची गोष्ट होते. रानांतून तांडा चालला असतां चोरांचा घाला पडतो. एक आंधळा आणि एक पांगळा यांना त्यांचे आप्त सोडून जातात. भटकतां भटकतां दैवयोगानें दोघांची गांठ पडते, आणि मग पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवितो व आंधळा ती चालतो. इष्ट स्थळीं पोंचल्यावर दोघे वेगळे होतात. प्रकृति-पुरुषांचा वियोग सिद्ध करावयाचा असल्यामुळें भाष्यकाराला गोष्टीच्या शेवटाशीं कर्तव्य आहे; आम्हांला तूर्त तिच्या मध्याशीं आहे.

गेल्या कांहीं वर्षांत अंध माणसाच्या खिशांत असाच एक पांगळा येऊन बसला आहे. मोबाईल फोनला पाय नाहींत; परंतु उपग्रहांच्या साहाय्यानें आपण कोठें आहों हें त्याला कळतें, सगळ्या शहराचा नकाशा त्याच्या पोटांत असतो, आणि 'पन्नास मीटरांवर उजवीकडे वळा' असें तो धन्याच्या कानांत सांगत राहतो. दृष्टान्त आणि वस्तुस्थिति यांचें इतकें साम्य क्वचितच आढळेल. फरक एकच आहे, पण तो मुळांतला आहे. सांख्यांचा पांगळा म्हणजे पुरुष, तो चेतन. आंधळी ती प्रकृति, ती जड. येथें सर्व उलट झालें आहे. वाट जाणणारें जड आहे आणि ज्याला दिसत नाहीं तो चेतन आहे. मग या जोडींत वाट कोणाची म्हणावयाची? सांगणाऱ्याची कीं चालणाऱ्याची? हा केवळ शब्दच्छल आहे असें कोणास वाटेल. परंतु अंधांसाठीं जीं साधनें निघालीं त्यांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक साधनानें या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलेलें दिसतें, आणि त्या उत्तरावर माणसांचे प्रत्यक्ष दिवस अवलंबून आहेत.

डोळस मनुष्य अंधत्वाचा विचार करूं लागला म्हणजे प्रथम डोळे मिटून चार पावलें चालून पाहतो, आणि भिंतीला हात लागतांच घाबरून ते उघडतो. एवढ्या अनुभवावरून तो अंधांच्या आयुष्याविषयीं जो सिद्धान्त बांधतो तो बहुधा चुकीचाच असतो. दिदेरो या फ्रेंच तत्त्वज्ञानें १७४९ सालीं अंधांविषयीं जें पत्र प्रसिद्ध केलें त्यांत प्युइझो गांवच्या एका जन्मांध गृहस्थाची हकीकत आहे. तुम्हांला डोळे मिळाले तर आवडेल काय, असें विचारतां त्यानें सांगितलें कीं, जिज्ञासेची गोष्ट सोडली तर आपल्याला डोळ्यांपेक्षां लांब हात मिळालेले अधिक आवडतील. त्यापूर्वीं १६३७ सालीं देकार्तनें दृष्टीची क्रिया समजावून सांगतांना काठीनें चाचपीत जाणाऱ्या माणसाचाच दाखला घेतला होता. दोघांच्याहि मतें काठी ही गेलेल्या डोळ्यांची केविलवाणी बदली नसून लांब झालेला हात आहे. आमच्या भाषेंत 'आंधळ्याची काठी' म्हटलें कीं एकुलता एक आधार असा अर्थ होतो, व त्यांत कींव मिसळलेली असते. दिदेरोच्या त्या गृहस्थाला ही कींव मुळींच समजली नसती.

काठीच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज या अपघातानें अंध झालेल्या छायाचित्रकारानें १९२१ सालीं आपली काठी पांढरी रंगविली. मोटारी वाढल्या होत्या, आणि आपण त्यांच्या चालकांना दिसावें एवढाच त्याचा हेतु होता. ही काठी डोळसांच्या डोळ्यांसाठीं होती. तिच्यानें धन्याला कांहींच नवीन कळत नव्हतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले सैनिक अमेरिकेंत पेनसिल्व्हानियांतील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयांत आले, तेव्हां १९४४ च्या सुमारास रिचर्ड हूव्हर यांनीं काठी लांब व हलकी केली आणि ती चालविण्याची एक रीत बसविली. उजवें पाऊल पुढें पडतांना काठीचें टोंक डावीकडे टेकावयाचें, डावें पडतांना उजवीकडे. म्हणजे जेथें पुढचें पाऊल पडावयाचें ती जागा काठीनें अगोदरच तपासलेली असते. ही काठी खरोखर लांब हात झाली. पायरी, खड्डा, चिखल, पोकळ झांकण ही सर्व बातमी ती हाताला देते. मात्र काय करावें हें ती सांगत नाहीं. तो निर्णय धन्याचा.

वाटाड्या कुत्र्याविषयीं तर लोकांचा मोठाच गैरसमज आहे. कुत्रा अंध मनुष्याला घेऊन जातो असें सर्व समजतात. वस्तुतः वाट माणसाला ठाऊक असावी लागते. किती चौक ओलांडावयाचे, कोठें वळावयाचें हें तो कुत्र्याला सांगतो. कुत्रा वाटेंतील अडथळे चुकवितो. डॉरोथी युस्टिस या बाईंचा १९२७ सालचा लेख ऐकून नॅशव्हिलचा अंध तरुण मॉरिस फ्रँक स्वित्झर्लंडला गेला, १९२८ सालीं 'बडी' नांवाची कुत्री घेऊन परतला, व १९२९ सालीं 'द सीइंग आय' ही शिक्षणसंस्था निघाली. या कुत्र्यांना जें शिकवितात त्यांतील शेवटचा धडा आम्हांला फार विचारणीय वाटतो. समोरून मोटार येत असतां धन्यानें 'पुढें' म्हटलें तर आज्ञा मोडावयाची, हें त्यांना शिकविलेलें असतें. एरवीं आज्ञा पाळणारा आणि केवळ प्राणसंकटीं ती मोडणारा असा हा डोळा आहे. नोकरशाहीच्या शिक्षणांत हा धडा घालतां आला तर बरें होईल. पण तो विषय वेगळा.

आतां फोनाकडे येऊं. उपग्रहांवरून स्थान काढण्याची युक्ति मूळची लष्करी. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी उपयोगाचे संकेत हेतुपुरस्सर बिघडवून सोडीत असे, व त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत चूक होई. आज साध्या फोनाला उघड्या आकाशाखालीं सुमारें पांच मीटरांच्या आंत आपलें स्थान कळतें. डोळसाला पांच मीटर म्हणजे कांहींच नाहीं. अंधाला तें पदपथ आणि मोटाररस्ता यांतील अंतर आहे. 'आपण इच्छित स्थळीं पोंचलां आहांत' असें सांगून यंत्र गप्प बसतें, आणि दार कोणत्या बाजूला याचा शोध भिंत चाचपून करावा लागतो. अर्थात् ही उणीव उद्यां भरून निघेल. आमचा आक्षेप, त्याला आक्षेप म्हणावयाचें तर, यंत्राच्या उणिवेवर नसून बोलण्याच्या रीतीवर आहे. 'उजवीकडे वळा' ही आज्ञा आहे. ती पाळून मनुष्य पोंचतो, पण कोठून गेला हें त्याला ठाऊक नसतें.

दुसरी रीत शक्य आहे, व ती अंध माणसांच्याच अनुभवांतून सुचली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेंत रेजिनाल्ड गॉलेज या नांवाचे भूगोलाचे प्राध्यापक होते. माणसें मनांत नकाशे कसे बनवितात हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि १९८४ सालीं त्यांचीच दृष्टि गेली. जॅक लूमिस व रोबर्टा क्लॅट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या सहकार्यानें त्यांनीं पाठीवर वाहून नेण्याचें एक वाटाडें यंत्र केलें. तें वळण्याची आज्ञा देण्याऐवजीं, जेथें जावयाचें त्या दिशेनेंच आवाज येत आहे असा भास कर्णयंत्रांतून उत्पन्न करी. आणि शब्दांनीं सांगण्यापेक्षां ही रीत प्रयोगांत सरस ठरली. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१८ सालीं 'साउंडस्केप' या नांवानें याच धर्तीची सोय फोनावर आणली. डावीकडचें दुकान डाव्या कानांत आपलें नांव सांगे, पुढचा चौक पुढून बोले, आणि वाट ज्याची त्यानें ठरवावी. मुंबईच्या लोकलच्या अनेक फलाटांवर अपंगांचा डबा थांबण्याच्या जागीं जें यंत्र एकसारखें टीं टीं करीत असतें त्याचें तत्त्व हेंच आहे. तें कोणाला 'या' म्हणत नाहीं. 'मी येथें आहें' एवढेंच म्हणतें. २०२३ सालीं कंपनीनें 'साउंडस्केप' बंद केलें. त्याची मूळ रचना तिनें जगाला खुली करून दिली हें खरें; तथापि ज्यांच्या हातांतील काठी एका कचेरींतल्या निर्णयानें नाहींशी झाली त्यांना त्या दिवशीं काय वाटलें असेल याची कल्पना करवते.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचें आहे. दहा वाजतां परीक्षेच्या दालनांत पोंचावयाचें असतां वाट आपली कीं यंत्राची याची चिकित्सा कोण करील? हा आक्षेप आम्हांला सर्वस्वीं मान्य आहे. डोळस मनुष्यहि घाईंत असला म्हणजे टांगेवाल्याला, आतांच्या काळीं रिक्षावाल्याला, पत्ता सांगून डोळे मिटून बसतो. आज्ञा पाळण्यांत मानहानि नाहीं. शिवाय परावलंबनाचा बाऊ डोळसांनीं तरी करूं नये. रस्त्यावरचे दिवे, वळणांवरच्या पाट्या, डांबरावरचे पांढरे पट्टे हीं सर्व साहाय्यक साधनेंच आहेत. तीं डोळसांसाठीं आहेत व सार्वजनिक पैशांतून होतात, म्हणून त्यांना कोणी धर्मादाय म्हणत नाहीं, इतकेंच. प्रश्न साहाय्य घ्यावें कीं न घ्यावें हा नाहींच. घेणाऱ्याचें शहाणपण त्या साहाय्यानें वाढतें कीं त्याला रजा मिळते, हा आहे.

आमच्या हाताखालीं शिकून बी. ए. झालेला एक अंध विद्यार्थी अधूनमधून आमच्याकडे येतो. पांच वर्षें तो थोरल्या भावाचा हात धरून महाविद्यालयांत येत असे. फोन हातीं आल्यावर एकदां तो म्हणाला, "सर, पांच वर्षें मी त्या रस्त्यानें जात होतों असें मला वाटे. मी दादाच्या हाताबरोबर जात होतों. त्या रस्त्यावर पुस्तकबांधणीचें दुकान आहे हें मला परवां कळलें." पिठाची गिरणी त्याला आवाजानें आणि वासानें ठाऊक होती, तिच्या आधीं आणि नंतर काय आहे तें ठाऊक नव्हतें. आतां तो मुद्दाम फोनाची आज्ञा मोडून आडगल्लींत शिरतो, चुकतो, आणि स्वतः वाट काढून परततो. चुकण्याचा हा हक्क त्याला प्रथमच मिळाला आहे.

पण याच विद्यार्थ्याच्या हकीकतीला दुसरी बाजू आहे. गेल्या पावसाळ्यांत त्यांच्या घरापुढचा रस्ता जलवाहिनीसाठीं खणला गेला. रात्रीं गाण्याच्या बैठकीला जावयाचें होतें, म्हणून त्यानें दादाला बरोबर चलण्याविषयीं विचारलें. "आतां फोन आहे ना!" असें उत्तर मिळालें. दादाला आम्ही दोष देत नाहीं. पांच वर्षें त्यानें जो हात दिला तो लहान त्याग नव्हता, आणि त्यालाहि आपला संसार आहे. परंतु पावसाळाभर तो मुलगा गाण्याला गेला नाहीं. गौडपादाच्या गोष्टींतील एक अर्धें वाक्य आम्ही इतकीं वर्षें शिकवितांना नुसतें वाचून पुढें जात होतों: आप्त त्या दोघांना सोडून गेले. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो ही युक्ति मोठी सुंदर खरी, पण तिची गरज पडली ती तांडा पुढें निघून गेला म्हणून.

तांड्याची ही वृत्ति साधनांच्या कौतुकांतहि लपून राहते. काठीला गुडघ्याच्या वरचा अडथळा कळत नाहीं. उघडी खिडकी, तिरपी फांदी, कपाळाच्या उंचीवर लोंबणारी दुकानाची पाटी यांची बातमी तिला नसते. दिल्लीच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक एम. बालकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं खपून जी 'स्मार्टकेन' केली व २०१४ सालीं बाजारांत आणली, ती मुठींतून श्राव्यातीत ध्वनि सोडते आणि तीन मीटरांपर्यंतचा असा अडथळा हाताला कंपानें कळविते. ही खरी विद्या, आणि अंधांच्या गरजा त्यांनाच विचारून केलेली. तिला आमचें वंदन असो. पण ती पाटी तेथें कोणी लावली? ती दोन हात वर लावण्याला कोणत्याहि विद्येची गरज नव्हती. पाटी लावणारा मोकळा, आणि ती चुकविण्याचें यंत्र विकत घेणें मात्र अंधाकडे, असा हा हिशेब आहे. तो आमच्यापैकीं कोणालाच विचित्र वाटत नाहीं.

यंत्रांत नव्हे तर रस्त्यांतच सुधारणा करण्याची कल्पना जपानांतील सेइइची मियाके यांना सुचली. १९६७ सालच्या मार्चमध्यें ओकायामा येथें अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्यांच्या उंचवट्यांच्या फरशा प्रथम बसल्या. पुढें रूढ झालेला संकेत असा कीं, लांब रेघा पायाला लागल्या म्हणजे चालत राहावें आणि ठिपके लागले म्हणजे थांबून सावध व्हावें. या फरशा आतां आमच्याकडेहि आल्या आहेत. आमच्या घराजवळच्या पदपथावर त्यांची पिवळी पट्टी सरळ विजेच्या एका पेटीपर्यंत जाते, आणि पेटीच्या पलीकडून पुन्हां सुरू होते. आम्हीं संबंधित कचेरीला दोन पत्रें लिहिलीं. फरशा निविदेप्रमाणें पूर्ण लांबीच्या बसविण्यांत आलेल्या आहेत, असें उत्तर आलें. तिसरें पत्र आज टाकलें. त्यावर त्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या दादाची अशा दोघांच्याहि सह्या आहेत.