तोबियाचा कुत्रा

तोबिताच्या पुस्तकात तोबिया रफाएल दूतासमवेत दूरदेशी निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग जातो. वृद्ध आईवडील मात्र घरीच राहतात. चऱ्होलीच्या घरी सामानाची बांधाबांध करताना ही कथा आम्हांला वारंवार आठवते. आम्ही मुलाबाळांसह ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, पर्थला निघालो आहोत आणि मोती दहा वर्षांचा आहे.

भारतातून कुत्र्याला तिकडे थेट नेता येत नाही. रेबीजची लस, रक्ततपासणी, १८० दिवसांची प्रतीक्षा, मान्यताप्राप्त अशा तिसऱ्या देशातून प्रवास आणि अखेर मेलबर्नजवळ मिकलहॅमला किमान १० दिवसांचे विलगीकरण. एवढा खटाटोप योग्य की नाही? १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात पशूंना दया दाखवणे हे आपले देणे म्हटले आहे (२४१६). पण माणसाचे दुःख हलके करण्यासाठी लागणारा पैसा त्यांच्यावर खर्चू नये, माणसाचीच असलेली माया त्यांच्याकडे वळवू नये, असेही पुढे बजावले आहे (२४१८).

हिशेब मांडताना आम्ही वरमलो. मोतीच्या कागदपत्रांसाठी इतक्या चकरा मारल्या, पण आईंना "तुम्ही येता का?" असे एकदाही नीट विचारले नव्हते. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "इंद्रायणीकाठ सोडून मी आता कुठे जाऊ? मोतीला तेवढा ठेवा. तिन्हीसांजेला दाराशी कुणी तरी हवे."

मोती राहणार, असे ठरले. यात आईंचा आधार किती आणि आमची सोय किती, हे आम्हांला अजून सांगता येत नाही. तो सध्या भरलेल्या बॅगांवर चढून बसतो. आई हाक मारतात, तेव्हाच उतरतो.