नव्व्याण्णवांजवळ कोण?

वाचावयाचा भाग : लूक १५:३-७



हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. शब्बाथ शाळेंत तो सांगितला, म्हणजे निफाड-सिन्नरकडील एखादें मूल विचारतें, "मेंढपाळ एका मेंढराच्या शोधास गेला, तेव्हां बाकीच्या नव्व्याण्णवांजवळ कोण होतें? बिबट्या आला असता तर?" ज्याच्या घराशेजारीं ऊस उभा आहे, त्या मुलाचा हा प्रश्न पोरकट नव्हे. दृष्टांतांत ह्याचें उत्तर दिलेलें नाहीं. तरी आपल्या मंडळ्यांनीं तो मनावर घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकाची अडचण हीच आहे. एकाच सतरंजीवर चार वर्षांचें बालक व बारा वर्षांचा मुलगा बसतात. एकास गोष्ट कळत नाहीं, दुसऱ्यास ती पाठ असते. एखादी मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन येते. तो रडूं लागला, कीं धडा तेथेंच थांबतो. द्राक्षांचा हंगाम आला, कीं आईबाप कामावर जातात व अर्धा वर्ग ओस पडतो. मागील रविवारचें वचन विचारावें, तर कोणासच आठवत नाहीं. मग आपले श्रम व्यर्थ जात आहेत, असें शिक्षकास वाटूं लागतें.

परंतु ज्या मुलानें वर्गांत तोंडही उघडलें नाहीं, तेंच घरीं आजीस हातवारे करून सगळी गोष्ट सांगतें, असें जेव्हां त्याच्या कानीं येतें, तेव्हां तो सारा शीण विसरतो.

नाशिककरांनीं तर निराश होऊंच नये. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस येथील शरणपुरांत शिक्षण मिळत असे. जेकब वेनराइट हा त्यांपैकींच एक. इ. स. १८७३ त डेव्हिड लिविंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत मरण पावले, तेव्हां त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. त्या वेळीं प्रेतसंस्काराची उपासना वाचणारा व झाडावर लेख कोरणारा हाच जेकब होता. शरणपुरांत त्यास अक्षरें गिरवावयास लावणाऱ्यास तो दिवस कोठून दिसणार? पेरणाऱ्यास कापणी नेहमींच दिसत नाहीं.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. गैरहजर मुलाच्या दारीं शिक्षकानें जावें, हें योग्यच. परंतु तेवढा वेळ वर्ग कोणीं सांभाळावा? आमचें उत्तर असें कीं, मंडळीनें. आयाबायांनों, तरुणांनों, तुम्हांस गोष्ट सांगतां येत नसेल, तर रडणारें मूल मांडीवर घ्या. वाचतां येत असेल, तर मोठ्या मुलांस निराळें बसवून वचन वाचून घ्या. वडील मंडळींनीं नुसतें दाराशीं बसलें, तरी वर्गास शिस्त येते.

येत्या रविवारीं प्रत्येक घरांतून एकानें तरी शाळेंत जावें. मग नव्व्याण्णवांजवळ कोण, असें मुलानें विचारल्यास शिक्षकास तुमच्याकडे बोट दाखवितां येईल. प्रभु आपणांस ही सेवा करावयास सामर्थ्य देवो. आमेन.