करण आणि कर्ता

लहान वकिली कार्यालयाने संगणकीय साधनांच्या बळावर कामाचा व्याप वाढवणे, हा केवळ व्यवसायाचा नव्हे, तर कर्तृत्वाचाही प्रश्न आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना कर्ता आणि करण, म्हणजे कर्म ज्याच्या साहाय्याने घडते ते साधन, यांचा वेगवेगळा निर्देश आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर झाले, तेव्हा ५,००० डॉलरचा दंड यंत्राला नव्हे, तर वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला झाला. कारण करणाला विवेक नसतो, म्हणून उत्तरदायित्वही नसते. वकीलपत्रावर सही करणारा पक्षकार आपला विश्वास माणसाच्या हाती सोपवतो. म्हणून मसुदा यंत्राने केला तरी त्यातील प्रत्येक निवाडा मूळ प्रतीशी ताडून पाहणे हाच वकिलाचा स्वधर्म होय.